‘सायको’ संथ नाही, आपण तो धड दाखवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि त्याच्या आगेमागे वाचनालये, महाविद्यालये, हौशी मंडळे जुने गाजलेले चित्रपट दाखवू लागतात. रहस्यपट दाखवायचा म्हटले की आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’चे (१९६०) नाव हटकून निघते. खेळ संपल्यावर तरुण प्रेक्षकांची मते ऐकावीत तर ती बहुधा ठरलेली. पहिला पाऊण तास काही घडतच नाही. न्हाणीघरातल्या खुनात दिसत काही नाही, नुसत्या किंकाळ्या. ते चाळीस हजार डॉलर शेवटी गेले कुठे? आणि शेवटी येणारा तो डॉक्टर किती बोलतो! यातल्या शेवटच्या मताशी मी बराचसा सहमत आहे. बाकीच्यांचे खापर चित्रपटाच्या माथी फोडण्याआधी तो दाखवला कसा गेला ते पाहायला हवे. खेळ ठेवणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून जरा तपशिलात लिहितो. शेवट मात्र सांगणार नाही. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांचा तो हक्क आहे.

आधी संथपणाचे बघू. ‘शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारी २.४३’ अशी वेळ पडद्यावर येते, गाव फिनिक्स. घरे-जमिनी विकणाऱ्या कचेरीतली मॅरियन गिऱ्हाइकाचे चाळीस हजार रोख बँकेत भरते म्हणून निघते आणि ते घेऊन पळते. तिथून ती रात्रीच्या मुक्कामाला थांबते त्या मोटेलपर्यंत हिचकॉकने एकच उद्योग केला आहे: बघणाऱ्याला तिच्या चोरीत भागीदार करून घेणे. ती चौकात गाडी थांबवते तर समोरून मालकच रस्ता ओलांडतो. काळ्या चष्म्याचा पोलीस गाडीची काच वाजवतो. पुढे जुन्या गाड्यांच्या आवारात ती घाईघाईने गाडी बदलते तेव्हा तोच पोलीस रस्त्यापलीकडे उभा राहून सगळे बघतो. चोरीच्या आधी तिची अंतर्वस्त्रे आणि पर्स पांढरी, नंतर दोन्ही काळी. हे सगळे मन लावून पाहिलेला माणूस मोटेलपर्यंत पोहोचतो तेव्हा तिच्याइतकाच थकलेला असतो. ज्याचे डोके मधून मधून मोबाइलमध्ये होते त्याला मात्र नुसता गाडीचा प्रवास दिसतो.

पैशांचेही तसेच. गाडी बदलताना तिने वर ७०० डॉलर दिले. मोटेलच्या खोलीत ती ४०,००० मधून ७०० वजा करते, कागद फाडते आणि कमोडमध्ये टाकून पाणी सोडते. त्याचा एक कपटा चिकटून राहतो आणि पुढे तिच्या बहिणीला तोच सापडतो. उरलेली रक्कम वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाजवळच्या टेबलावर पडलेली. तिच्या खुनानंतर खोली साफ करणारा मोटेलचालक नॉर्मन ते वर्तमानपत्र उचलतो आणि आत काय आहे याची कल्पना नसताना गाडीच्या डिकीत टाकतो. काही सेकंदांचा मामला. तेवढ्यात नजर हलली तर चाळीस हजारांचे कोडे पडणारच. खरे तर शेवटाकडे एक पात्र हा प्रश्न सरळ विचारते आणि त्याला दोन शब्दांत उत्तरही मिळते.

आता मध्यंतराकडे येतो, कारण आपल्याकडे या चित्रपटाचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. चित्रपट १०९ मिनिटांचा. हॉलचा माणूस घड्याळ बघून निम्म्यावर, म्हणजे ५४-५५ मिनिटांना दिवे लावतो. न्हाणीघरातला मॅरियनचा खून त्याआधी, साधारण ४७व्या मिनिटाच्या सुमारास होतो. त्यानंतरची दहा-एक मिनिटे जवळजवळ विनासंवाद आहेत. नॉर्मन फरशी पुसतो, टब धुतो, मृतदेह न्हाणीघराच्या पडद्यात गुंडाळतो, गाडीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते आणि अर्ध्यावर थांबते. नॉर्मन घाबरून इकडेतिकडे बघतो. त्या दोन-चार सेकंदांत सगळे सभागृह मनातल्या मनात म्हणते, ‘बुड बाई एकदाची!’ ज्या मुलीसाठी पाऊण तास जीव टांगणीला लागला होता तिचा खून लपावा अशी आपलीच इच्छा होते. सगळ्या चित्रपटाचे मर्म इथे आहे, आणि ते साधते केवळ त्या न तुटणाऱ्या दहा मिनिटांमुळे. निम्म्यावर मध्यंतर घेतले तर ते नेमके बादली आणि पोछ्यामध्ये पडते. लोक चहा, पाव-भाजी घेऊन परत येतात तेव्हा गाडी तळाला गेलेली असते. मग ‘मधेच रेंगाळतो’ हे मत ऐकू आले तर नवल काय?

मध्यंतर नकोच. ते घेतल्यावाचून लोक ऐकणार नसतील तर गाडी पूर्ण बुडून पडदा काळोखा होईपर्यंत थांबावे. पुढचे दृश्य मॅरियनच्या मित्राच्या हार्डवेअरच्या दुकानातले आहे, तिथून नवा भाग सुरू होतो. आधी एकदा चित्रपट लावून ती जागा आपल्या प्रतीत किती मिनिटांवर येते ते कागदावर लिहून ठेवावे. कागद मशीनवर बसणाऱ्याच्या हातात द्यावा, स्वागताध्यक्षांच्या नव्हे.

उशिरा येणाऱ्यांचा उपद्रव हिचकॉकने तेव्हाच ओळखला होता. जाहिरातीत मोठे नाव मॅरियन झालेल्या जॅनेट ली हिचे. तासाभराने आत शिरलेला माणूस ती कधी येते म्हणून वाट बघत बसेल आणि ती तर मरून गेलेली असेल. म्हणून खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा नियम त्याने घातला आणि चित्रपटगृहांच्या व्यवस्थापकांना सूचनांची पुस्तिका पाठवली. अमेरिकेत त्या काळी लोक चित्रपट चालू असताना वाटेल तेव्हा आत-बाहेर करीत. त्यांना या नियमापायी रांगेत उभे राहावे लागले. गोव्यात हे अवघड जाऊ नये. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला तिसऱ्या घंटेचा मान ठेवणारा प्रेक्षक हाच आहे. घंटा द्या, दार लावा, जाहिरातीत तसे छापा. आणि दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचे मनोगत हे सगळे चित्रपटानंतर ठेवा. प्रास्ताविकाच्या ओघात अख्खे कथानक सांगून टाकणारे वक्ते आपल्याकडे कमी नाहीत.

आवाज लावताना बहुतेक जण न्हाणीघराचे दृश्य लावून बघतात आणि व्हायोलिनच्या त्या चिरकण्याने दचकून आवाज कमी करतात. मग आधीचे सगळे बोलणे पुटपुटणे होते. नॉर्मन आणि मॅरियन पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत बसून बोलतात, ती दूध-सँडविच खाते, त्या दृश्यावर आवाज ठरवावा. शेवटच्या रांगेत प्रत्येक शब्द कळला की बटणाला पुन्हा हात लावू नये. किंकाळी मग जेवढी मोठी यायला हवी तेवढीच येते. मूळ ध्वनी मोनो आहे. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून एकच आवाज यायला हवा, घुमारा वाढवणारी सोय बंद हवी. बर्नार्ड हर्मनचे संगीत केवळ तंतुवाद्यांवर रचलेले आहे. बास वाढवला की त्याची धार जाते. (खुनाच्या दृश्याला संगीतच नको असे हिचकॉकचे आधी म्हणणे होते. हर्मनने तरी रचले, आणि ऐकल्यावर हिचकॉकने ते ठेवले.) पत्र्याच्या छपराखाली जुलैत हा खेळ ठेवू नये. मॅरियन मोटेलला पोहोचते ती मुसळधार पावसात, आणि कुठला पाऊस चित्रपटातला नि कुठला आपला ते कळेनासे होते.

चित्राचेही थोडे बघावे लागते. पडद्याचे प्रमाण १.८५ ला १ आहे. जुन्या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चौकोनी प्रती अजून फिरतात. त्या रुंद पडद्यावर ताणल्या की नॉर्मन झालेला काटकुळा अँथनी पर्किन्स गुबगुबीत दिसू लागतो आणि त्याच्याबद्दल वाटणारी निम्मी अस्वस्थता तिथेच संपते. प्रोजेक्टर ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर कृष्णधवल चित्राला निळसर झाक येते, तो ‘सिनेमा’वर ठेवावा. टीव्ही असेल तर मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद. काळोख नीट दिसतो की नाही याची परीक्षा दलदलीच्या दृश्यावर घ्यावी: नॉर्मनचा चेहरा आणि गाडीचे छत दोन्ही वेगळी दिसली पाहिजेत. सभागृहातली पडद्याजवळची ट्यूब ‘राहू दे एक’ म्हणून चालू ठेवायची सवय असते, तीही बंद. मडगावचे रवींद्र भवन किंवा फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर यांसारख्या नाट्यगृहांत काळोख ही अडचण नसते. पंचायतीच्या आणि देवस्थानांच्या सभागृहांत खिडक्यांना जाड पडदे लावावे लागतात, नाहीतर खेळ दिवेलागणीनंतर ठेवावा.

उपशीर्षके आधी तपासून घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेल्या उपशीर्षकांत बोलणाऱ्याचे नाव येते, आणि या चित्रपटात काही आवाज पडद्याबाहेरून येतात. इतकेच सांगून थांबतो.

न्हाणीघराच्या दृश्यात ‘काही दिसत नाही’ हे मत खरे आहे, आणि तीच त्याची करामत. प्रत्यक्ष हल्ला पाऊण मिनिटाच्या आसपासचा, पण चित्रीकरणाला सात दिवस लागले. ७८ कॅमेरा-मांडण्या आणि ५२ कट हा हिशेब अभ्यासकांत रूढ आहे. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरले आणि वाराच्या आवाजासाठी खरबुजात सुरी खुपसली. सुरी अंगात शिरताना पाहिल्याची खात्री अनेक जण देतात. ते दृश्य त्यांनी मनात जुळवलेले असते. उलट मॅरियनच्या शोधात आलेला डिटेक्टिव्ह जिन्यावरून मागे पडतो ते दृश्य आज खोटे वाटते, यात शंका नाही. मागे पडद्यावर जिना सरकतो आणि पुढे नट हात हलवतो हे उघड कळते. तिथे सभागृह हसले तर रागावू नये.

रंगीत असता तर आवडला असता, असेही कोणी म्हणतो. दिग्दर्शक गस व्हॅन सँट यांनी १९९८ साली तो जवळजवळ चौकटीला चौकट लावून रंगीत केला. दोन्ही पाहून मत द्यावे.

डॉक्टरचे भाषण लांबले आहे हे मान्य. त्यातले निम्मे वाक्यागणिक कापता येईल. पण ते पुरते काढता येणार नाही. घाबरलेल्या प्रेक्षकाला तो समजूतदार सूर लावून खुर्चीत सैल बसवतो आणि पुढचा एक मिनिट त्या सैलपणावरच घाला घालतो. आपल्याकडे मात्र भाषण संपले की ‘संपला’ असे समजून मागचे लोक चपला शोधू लागतात आणि कोणीतरी दिवे लावतो. शेवटच्या चेहऱ्यावर क्षणभर दुसरे एक चित्र पुसटसे मिसळते. उजेड झाला की ते दिसतच नाही. हिचकॉकच्या सूचना अशा की चित्रपट संपल्यावरही अर्धा मिनिट काळोख ठेवावा. दिव्यांच्या बटणाशी त्यासाठी एक माणूस उभा करावा.

मत बदलायला समीक्षकांनाही वेळ लागला होता. त्यांना आधी खास खेळ दाखवला गेला नव्हता. न्यूयॉर्क टाइम्सचे बॉस्ली क्राउदर यांनी पहिल्या परीक्षणात फारसे कौतुक केले नाही आणि वर्षअखेरीस त्याच चित्रपटाला आपल्या दहा उत्तम चित्रपटांत बसवले. ऑस्करची चार नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी उरल्या. घरी पाहायला विकत घेतलेली डिस्क किंवा मोबाइलवरचे सदस्यत्व जाहीर खेळाला चालत नाही. हक्कधारकाची परवानगी वेगळी काढावी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून तारीख जाहीर करण्याआधी अर्ज करावा. आणि लहान मुलांना सोबत आणू नये हे जाहिरातीतच छापावे, दारावर वाद नको.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, फोंडा