एल्क म्हणजे बारशिंगा नव्हे, आणि तुमच्या फोटोत तर एल्कसुद्धा नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची तीसेक वर्षांची वाचक. मूळची पाटण तालुक्यातली, रिटायर झाल्यापासून वर्षातले काही महिने लेकीकडे असते, अमेरिकेत मोंटाना राज्यात बोझमनला, आणि तिथंही सकाळी चहाबरोबर मोबाइलवर तुमचाच पेपर उघडते. संपादकांना पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, टायपिंग नातीनं शिकवलंय, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या शिकारीच्या सीझनवर जे आलंय, म्हणजे तिकडं पहिल्या दिवशी अख्खी कुटुंबं बंदुका घेऊन बारशिंग्यांची कत्तल करायला सहलीला जातात वगैरे, ते वाचून राहवलं नाही, कारण त्याच पहिल्या दिवशी मी तिथं होते. आमच्या घरात माळ आहे, माझ्या सासऱ्यांनी घातली, ह्यांनी घातली, आणि ह्यांच्या मागं मी. तेव्हा मी शिकारीची वकिली करायला बसलेली नाही एवढं आधी समजून घ्या.

आधी फोटोचं. लेखासोबत एल्क म्हणून तुम्ही छापलाय तो मूस आहे. सुपासारखी चपटी शिंगं, लोंबतं नाक, गळ्याखाली कातड्याची झोळी. युरोपात मूसलाच एल्क म्हणतात, तिथून घोटाळा झाला असणार. अमेरिकेत एल्क म्हणतात ते वेगळं मोठं हरीण, त्याचं दुसरं नाव वापिती, हा शॉनी या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द, अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा, आणि लांबून दुर्बिणीत खरंच आधी पांढरे पुठ्ठेच दिसतात. शिंगं फांद्यांची, दर वर्षी गळून नवी येतात, मोठा नर तीनशे किलोच्या पुढं. बारशिंगा म्हणजे आपला कान्हातला, त्याचा यात काही संबंध नाही. आपल्याकडचा जवळचा भाऊबंद सांगायचाच तर काश्मीरचा हंगूल, तो दाचीगामला जेमतेम काही शे उरलाय. हे सगळं मला माझ्या तेरा वर्षांच्या नातीनं सांगितलं आणि तुमच्या पुरवणीतला फोटो बघून ती पाच मिनिटं हसत होती, मलाच लाज वाटली.

आता त्या दिवसाचं. माझे जावई इथलेच, त्यांचे आईवडील म्हणजे माझे व्याही-विहीण गावाबाहेर गुरं राखून आहेत, चार पिढ्या. त्यांच्याकडं रायफलचा सीझन ऑक्टोबरच्या शेवटाकडच्या शनिवारी सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंग या त्यांच्या सणानंतरच्या रविवारी संपतो, पाच आठवडे. यंदा तो शनिवार आला २५ ऑक्टोबरला, म्हणजे भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी व्याह्यांकडचं ओपनिंग डे, म्हणजे सीझनचा पहिला दिवस. लेक म्हणाली आई तू घरीच थांब, व्याही म्हणाले छे, सगळं घर जाणार तर त्या एकट्या कशाला, तंबूत शेगडी आहे, या म्हणावं. तर मी फराळाचा डबा घेऊन गेले. चकल्या व्याह्यांनी संपवल्या.

आदल्या दिवशी दुपारी सरकारी जंगलाच्या कडेला मोठा कापडी तंबू ठोकला, आत लाकडाची भट्टी, पाइप वरून बाहेर. रात्री थंडी अशी की बाटलीतलं पाणी गोठलं. पहाटे चारला सगळे उठले, आणि सांगते तुम्हाला, तो तंबूतला कंदील, घाईघाईत घातलेले लोकरीचे मोजे, कोणाचा तरी एक बूट सापडत नाहीये, चहाचं आधण, दबक्या आवाजात बोलणं, मला थेट वारीतला मुक्काम हलवतानाची पहाट आठवली. हे लिहिणं काहींना आवडणार नाही, पण आठवली ती आठवली.

बाहेर पडायच्या आधी प्रत्येकानं भडक नारिंगी जाकीट चढवलं. कंबरेच्या वर किमान ४०० चौरस इंच नारिंगी दिसलंच पाहिजे असा मोंटानाचा नियम आहे, एकमेकांना गोळी लागू नये म्हणून. जनावराला तो रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही म्हणे. मला पण एक घातलं, साडीवर नाही हो, लेकीच्या पँटवर. शिवाय प्रत्येकाच्या पट्ट्याला अस्वलासाठी तिखटाच्या फवाऱ्याचा डबा, कारण तो ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे आणि मारलेल्या जनावराचा वास त्यांना लांबून येतो.

नात पहिल्यांदाच स्वतःच्या टॅगवर निघाली होती. टॅग म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी चिठ्ठी, जनावर पडलं की तिथल्या तिथं त्यावर तारीख कापायची आणि ती जनावराला बांधायची, आधी फोटो नाही, आधी टॅग. तिनं त्यासाठी आधी कोर्स केला, लेखी परीक्षा दिली, रायफल कुंपणावरून कशी पलीकडं द्यायची, ट्रिगरवर बोट कधी ठेवायचं नाही, हे सगळं. कोर्स झाल्याशिवाय पोरांना लायसन्सच नाही, १ जानेवारी १९८५ नंतर जन्मलेल्या सगळ्यांनाच तो लागतो. जावईबापूंनी पण केलेला. व्याह्यांना लागत नाही, पण त्यांनी नातीबरोबर बसून पुस्तक वाचलं आणि सराव परीक्षेत तिच्यापेक्षा दोन मार्क कमी पडले, ते अजून कारणं सांगतात.

पहिल्या दिवशी काय झालं तर काहीही झालं नाही. हे तुमच्या लेखात कुठंच नाही म्हणून सांगते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते, म्हणजे त्या दिवशी साडेसातच्या आसपास. आम्ही साडेसहालाच टेकाडावर जाऊन बसलो, मी, नात आणि व्याही, जावई आणि मुलीची नणंद दुसऱ्या बाजूला गेले. उजाडलं तशी समोरच्या उतारावर तीसेक एल्क दिसले, माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं. चरत चरत, अजिबात घाई न करता, ते एका तारेच्या कुंपणाशी गेले आणि टुणकन पलीकडं. पलीकडं कोणाचं तरी खाजगी रँच, तिथं परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. व्याही हसले, म्हणाले दर वर्षी हेच, ह्यांना कॅलेंडर वाचता येतं. सीझन सुरू झाला, गाड्या आणि माणसं वाढली की एल्क सरळ खाजगी जमिनीवर जाऊन बसतात, तिथं गवताच्या गंजी खातात, रँचवाले वैतागतात, ज्यांना शिकार करायचीय ते कुंपणाच्या अलीकडून बघत बसतात. यासाठी पण त्यांनी योजना काढलीय, ब्लॉक मॅनेजमेंट म्हणतात, जमीनमालक ठरावीक पद्धतीनं लोकांना आत येऊ देतो आणि राज्याचं वन्यजीव खातं त्याला मोबदला देतं. पण त्या रँचवाल्यानं नाव दिलेलं नव्हतं. मग दिवसभर आम्ही बसून राहिलो. दहा वाजता चिवडा, दुपारी नात माझ्या मांडीवर झोपली, तिची रायफल रिकामी करून बाजूला ठेवली होती आणि व्याह्यांनी ती दोनदा उघडून बघितली, रिकामी आहे ना.

संध्याकाळी मात्र एक नर आला. एकटाच, झाडीतून बाहेर, अंदाजे दोनशे पावलांवर. माझं काळीज असं धडधडायला लागलं की मला वाटलं त्याला ऐकू जाईल, आणि खरं सांगते, मनात विठ्ठलाला म्हणत होते की जा रे बाबा जा. नातीनं रायफल काठीच्या तिकाटण्यावर टेकवली. त्या भागात तिच्या टॅगवर नियम असा की नर चालेल, पण शिंगाच्या खालच्या अर्ध्या भागात किमान चार इंचाची फांदी दिसली पाहिजे, नुसत्या सरळ काटक्यांसारख्या शिंगांचा तरणा नर मारायचा नाही. उजेड उतरत चाललेला. व्याही दुर्बिणीतून बघतायत, ती स्कोपमधून बघतेय, तो मान खाली घालून चरतोय, शिंगं गवतात. मान वर केली तेव्हा मागं झुडूप. तिनं विचारलं, दिसली का. ते म्हणाले तुला दिसली का. ती म्हणाली वाटतंय. ते म्हणाले वाटतंय म्हणजे नाही.

सूर्यास्तानंतर अर्धा तास झाला की बंद, म्हणजे सात वाजायला साधारण पाच मिनिटं असताना. घड्याळ झालं. त्यांनी हात खाली केला, तिनं काडतूस काढलं, आणि तो नर अजून तिथंच उभा. आजूबाजूला मैलभर माणूस नाही, मोबाइलला रेंज नाही, कोण बघणार होतं? पोरगी उतारावरून खाली येताना रडली, माझा हात धरून, मोठ्यानं नाही. मला आनंद झाला होता आणि तिचं वाईटही वाटत होतं, एकदम दोन्ही.

दुसऱ्या दिवशी नणंदेला नर मिळाला, तेही सांगायला हवं, लपवत नाही. मी बघायला गेले नाही. तिघांनी चार तंगड्या आणि पाठीचं मांस पाठीवरच्या पिशव्यांतून तीन खेपांत खाली आणलं, खायजोगं मांस टाकून येणं हा तिथं गुन्हा आहे, नुसती शिंगं कापून घेऊन येता येत नाही. डोकं तपासणीला दिलं, तिकडं हरणांत मेंदू सडवणारा एक रोग पसरतोय, मोंटानात रानातल्या हरणांत तो २०१७ साली पहिल्यांदा सापडला, म्हणून. शंभर किलोच्या आसपास मांस, चार घरांच्या फ्रीजरमध्ये हिवाळाभर. तंबूत त्या रात्री ते तव्यावर पडलं तेव्हा मी बाहेर जाऊन हरिपाठ म्हणत बसले, थंडीत निम्मा झाला. विहीणबाई मागून पांघरूण घेऊन आल्या, काही बोलल्या नाहीत, शेजारी बसल्या. आणि माझ्यासाठी त्यांनी वेगळ्या भांड्यात बटाटे उकडून ठेवले होते, चमचा पण वेगळा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या लेखात म्हटलंय की अशानं जनावरं संपतील. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी संपत आलीच होती. तेव्हा बाजारासाठी मारायचे, मांस, कातडी, आणि वरच्या जबड्यातले दोन सुळे सुद्धा, ते घड्याळाच्या साखळीत लावायची फॅशन होती, दोन सुळ्यांसाठी तीनशे किलोचं जनावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक लाखाच्याही खाली गेले होते. मग बाजारासाठीची शिकार बंद केली, यलोस्टोनमधले एल्क रेल्वेनं दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडले, आणि १९३७ साली कायदा झाला की रायफली-बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांना वन्यजीवांसाठीच मिळेल. लायसन्सची फी पण तिकडंच जाते. आज दहा लाखांच्या आसपास एल्क आहेत. हा हिशेब बरोबर की चूक यावर तिथंही भांडणं आहेत, लांडगे परत आणल्यापासून तर जास्तच, पण निदान हिशेब आहे, कुठल्या भागात किती नर, किती मादी, किती टॅग.

आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, ते बरंच झालं, मी उलटं काही म्हणत नाही, इकडं टॅग वाटा असं तर मुळीच म्हणत नाही, चार दिवसांत डुप्लिकेट निघतील. पण माझ्या भावाचा भुईमूग दर वर्षी रानडुकरं उकरतात, ऊस गवे मोडतात, पंचनाम्याला माणूस यायचा तर पीक परत उगवून येईल एवढा वेळ. मग लोक रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, कधी बिबट्या मरतो, कधी पाणी पाजायला गेलेला माणूस. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका पहाटे गाभण म्हैस गेली. त्याला टॅग नाही, तारीख नाही, वेळ नाही, नर-मादी नाही, पिल्लाला दूध पाजणारी आहे का बघणं नाही. त्याच्यावर तुमच्या पुरवणीत पानभर लेख आलेला मला तरी आठवत नाही. कत्तल शब्द वापरायचाच असेल तर जरा जवळ वापरून बघा, आमच्या भावकीतच दोन-तीन जण आहेत, मला बोल लागेल, लागू दे.

कार्तिकी एकादशी मी इथंच केली, साबुदाण्याची खिचडी जावयांनी दोनदा घेतली. नातीचा टॅग अजून कोराच आहे, फ्रीजवर चुंबकानं लावलाय, ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे आणि पुढच्या शनिवारी ती परत जाणार आहे. मी जाणार नाही म्हटलंय, व्याही म्हणतात बघू.

चुकीची दुरुस्ती छापणार असाल तर सोबत फोटो पाठवतेय, त्या संध्याकाळच्या नराचा. नातीनं काडतूस काढल्यावर मोबाइलवर काढलाय. अंधारात जरा हललाय, पण शिंगं एल्कचीच आहेत. मोठा करून बघितला तर खालची फांदी दिसते असं ती म्हणते, मला काही दिसली नाही.

आपली,
एक जुनी वाचक
(मु. पो. पाटण तालुका, सध्या बोझमन)