नव्या लॉनच्या ठरावाआधी: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: बागेतील नवीन लॉनच्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी विचारात घ्यायच्या बाबी

महोदय,

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मधल्या बागेत नवीन लॉन घालण्याचा ठराव आहे आणि त्यासोबत एका ठेकेदाराचे दरपत्रक जोडले आहे. लॉन व्हावे असे मलाही मनापासून वाटते. लहान मुलांना पडलं तरी लागणार नाही अशी जागा हवी आणि सकाळी चालायला येणाऱ्यांना फरशीपेक्षा बरी जमीन हवी. पण हे दरपत्रक आहे तसे मंजूर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात एकच ओळ आहे: तयार टर्फ (शेतात वाढवून मातीसकट कापून आणलेले गवत) पुरवणे व अंथरणे, दर प्रति चौरस फूट. जुने गवत काढणे, माती, निचरा, पाण्याची लाइन, पहिल्या महिन्याची निगा, यांतले काहीच त्यात नाही. ही कामे टळणारी नाहीत. एक तर ती नंतर ‘जादा काम’ म्हणून बिलात येतील, नाहीतर होणारच नाहीत आणि गवत पुन्हा जळेल.

आधीचे लॉन का गेले, हे आधी पाहायला हवे. सगळ्यांचे म्हणणे असे की पाणी कमी पडले. मी माळीदादांकडून बाकाजवळच्या उघड्या पट्ट्यात फूटभर खोल खड्डा खणून घेतला. वर चार बोटे माती आणि त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, फुटक्या टाइल्स. बांधकामाचा राडारोडा तिथेच दाबून वर माती पसरलेली आहे. खड्डा पाण्याने भरला, ते जिरल्यावर पुन्हा भरला आणि आत पट्टी उभी करून पाहिले. निचरा बरा असेल तर पाणी तासाला निदान अडीच सेंटिमीटर उतरायला हवे. इथे ते अर्धा सेंटिमीटरही उतरले नाही. म्हणजे पावसात मुळे पाण्यात कुजतात आणि कोरड्या दिवसांत, खोल जायला वाट नसल्यामुळे, वरच्या चार बोटांतच होरपळतात. अशा जमिनीवर महागातले टर्फ अंथरणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देण्यासारखे आहे.

आता खर्चाचे. आपली बाग ढोबळमानाने ५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट धरू. गवताची मुळे नीट धरायला निदान १० ते १५ सेंटिमीटर भुसभुशीत, चांगली माती लागते. नुसता १० सेंटिमीटरचा थर धरला तरी ५० घनमीटर माती होते. तेवढाच राडारोडा आधी बाहेर काढावा लागेल, नाहीतर बागेची पातळी वाढून पाणी उलट जिन्यांकडे वळेल. ५० घनमीटर काढणे, ५० घनमीटर आणणे, शेणखत किंवा कॉम्पोस्ट मिसळणे, इमारतीपासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार देणे, रोलर फिरवणे: खरी मजुरी इथे आहे. त्यापुढे टर्फ अंथरणे हे एखाद्या दिवसाचे काम आहे. तरीही दरपत्रकात फक्त त्याच एका दिवसाचा हिशेब आहे.

शिवाय आपल्या बागेत ट्रक जात नाही. मातीसकट टर्फचा चौरस मीटरभराचा रोल साधारण १५ ते २० किलो भरतो, म्हणजे सगळे मिळून साडेसात ते दहा टन ओझे गेटपासून त्या अरुंद बोळातून माणसांनी वाहून न्यायचे आहे. मातीचे वजन त्याहून कितीतरी जास्त. ही वाहतूक कोणाच्या खात्यात, हे आताच लिहून घ्यावे. टर्फ मागवतानाही मोजलेल्या क्षेत्रापेक्षा पाच ते दहा टक्के जास्त घ्यावे लागते, कारण वळणांवर आणि झाडांच्या आळ्यांभोवती कापताना तुकडे वाया जातात. आपल्या पायवाटेला वळणे पुष्कळ आहेत. वाट आणि भिंत यांच्यामधले हातभर रुंदीचे पट्टे तर वगळावेतच, असे माझे मत आहे. तिथे कापणीचे मशीन फिरत नाही आणि दोन्ही बाजूंच्या तापलेल्या फरशीमुळे ते पट्टे सर्वांत आधी वाळतात.

एका गोष्टीची मात्र मला फार काळजी वाटते, ती म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर येणारा बागेचा भाग. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टनांच्या घरात असते. १० सेंटिमीटरचा थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर दीडशे ते दोनशे किलो. थर दुप्पट केला की भारही दुप्पट. स्लॅब किती भारासाठी बांधलेला आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय तिथे एक घमेलेही जास्तीची माती टाकू नये. त्याच स्लॅबखाली दोन ठिकाणी ओलीचे डाग दिसतात. लॉन घातल्यावर वॉटरप्रूफिंग दुरुस्त करायचे झाले, तर केलेला सगळा खर्च उचलून फेकावा लागेल. म्हणून माती काढली की लगेच, नवी टाकण्याआधी, स्लॅबवर निदान २४ तास पाणी भरून ठेवून गळती तपासावी. अशी संधी पुन्हा मिळणार नाही.

उन्हाचेही तसेच. बहुतेक लॉनच्या गवताला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागते. काही जाती थोडी सावली सोसतात, पण मोठ्या झाडाखालची दाट सावली कोणतीच सोसत नाही, आणि तिथे झाडाची मुळे पाणीही आधी पळवतात. मी सुट्टीच्या दिवशी तासातासाला सावलीच्या कडा खडूने आखल्या. मागच्या विंगलगतचा पट्टा आणि दोन्ही मोठ्या झाडांखालची जागा मिळून बागेचा जवळपास तिसरा हिस्सा या हिशेबात बसत नाही. तिथे सावलीत वाढणारी झुडपे लावावीत किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन करून बाके ठेवावीत. लॉनचे क्षेत्र तेवढे कमी होईल आणि वाचलेला पैसा उरलेल्या जागेच्या मातीत घालता येईल.

तयार टर्फच हवे का, यावरही चर्चा व्हावी. टर्फच्या दरात आपण वेळ विकत घेतो: ते गवत दुसऱ्या कोणाच्या शेतात महिनोन्‌महिने वाढलेले असते. धावत्या फुटव्यांनी पसरणारी हरळीसारखी जात निवडली तर ठोंबे लावूनही लॉन होते. खर्च बराच कमी, पण जमीन भरायला काही महिने लागतात आणि तोवर तण सतत काढावे लागते. माझे मत असे की मुलांच्या खेळाच्या बाजूला आणि उतारावर, जिथे माती वाहून जाते, तिथे टर्फ घ्यावे. बाकी ठिकाणी ठोंबे पुरतील. कृत्रिम गवताची सूचना काही सभासदांनी केली आहे. त्याला पाणी-कापणी लागत नाही हे खरे, पण भर उन्हात ते इतके तापते की त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि काही वर्षांनी ते झिजले की सगळे उचलून पुन्हा नवे घालावे लागते. लहान मुलांसाठी मी ते कधीच सुचवणार नाही.

पाण्याचा आकडा सभेत सर्वांसमोर ठेवावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाऊस नसताना लॉनला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर लागते असे धरले, तर ५०० चौरस मीटरला आठवड्याला १२,५०० लिटर होतात, आणि कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे पाणी पिण्याच्या टाकीतून काढणे मला मान्य नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरता येईल का, हे आधी ठरवावे. त्याची पाइपलाइन माती टाकण्याच्या आत घालावी लागेल, नंतर खणून नव्हे.

मुहूर्ताबद्दलही एक विनंती. सोसायटीच्या वर्धापन दिनाआधी बाग हिरवी दिसावी, ही समितीची इच्छा मी समजू शकते. पण ऐन उन्हात टर्फ घातले तर पाणी आणि मर दोन्ही वाढतात. रोल आल्या दिवशीच अंथरून संपवायला हवेत. ढीग करून ठेवले की आतून तापतात आणि गवत पिवळे पडते. मुळे धरायला दोन-तीन आठवडे लागतात. कोपरा हलकेच उचलून पाहावा: सहज उचलला गेला तर मुळे अजून धरलेली नाहीत. तोवर कार्यक्रम, खुर्च्या, मांडव काहीही तिथे नको. जमीन मऊ, हवा बरी आणि गवत वाढीला लागलेले, असा काळ पाहूनच तारीख ठरवावी.

म्हणून माझी विनंती अशी. सध्याचा ठराव या सभेत फक्त चर्चेला घ्यावा. निदान तीन ठेकेदारांकडून एकाच नमुन्यात दरपत्रके मागवावीत, ज्यात जुने काढणे, राडारोडा वाहून नेणे, माती व खत, निचरा, पाइपलाइन, टर्फ आणि अंथरणी यांचे दर वेगवेगळे लिहिलेले असतील. बिलाचा काही भाग दुसरी कापणी होईपर्यंत राखून ठेवावा आणि तोवर मेलेले तुकडे ठेकेदाराने स्वखर्चाने बदलावेत, अशी अट घालावी. आणि वर्षभराची कापणी, तण, खत, मशीनची धार व माळीदादांचा जास्तीचा वेळ यांचा खर्च त्याच ठरावात मंजूर करावा. कापताना गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी काढायचा नसतो, त्यामुळे वाढीच्या दिवसांत आठवड्याला एक कापणी धरावीच लागेल. आज एका माणसाच्या अर्ध्या दिवसात हे बसत नाही, आणि त्यांच्यावर ते लादणे योग्यही नाही.

सावलीचा नकाशा मी कागदावर उतरवला आहे आणि खड्ड्यातल्या मातीचा नमुना पिशवीत भरून ठेवला आहे. दोन्ही सभेआधी सचिवांकडे देते. माती तपासून घ्यायची असेल तर त्याची धावपळ करायलाही मी तयार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
तळमजल्यावरील एक सभासद