जपानटाउनातलं घर

ती. आई-बाबांस,
सप्रेम जयभीम.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई मधेच "अगं पण" म्हणाली असती, म्हणून लिहितेय. आम्ही फ्रीमॉन्ट सोडलं. सॅन फ्रान्सिस्कोत, जपानटाउनला लागून भाड्याने घर घेतलं. करारावर सह्याही झाल्या.

फ्रीमॉन्टला खाली उतरलं की देशी दुकान होतं, संध्याकाळी आईच्या मैत्रिणी जमायच्या, सगळं आठवतं मला. पण यांचं ऑफिस इथे, चिन्नूची शाळा इथे, आणि रोजचा निम्मा जीव गाडीतच जायचा. भाडं जास्त आहे, पण पेट्रोल वाचतं. घराला लिफ्ट आहे. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. ज्वारीचं पीठ फ्रीमॉन्टहून आणत जाऊ.

आणि बाबा, पाइन स्ट्रीटवर, घरापासून चालत, बुद्धिस्ट चर्च आहे. चर्चच म्हणतात, हसू नका. १८९९ साली जपानहून दोन धर्मगुरू आले, तेव्हापासून त्यांचं काम चालू आहे. आत लाकडी बाकं, ऑर्गन आणि समोर अमिताभ बुद्ध. एकेक जण पुढे जाऊन चिमूटभर धूप निखाऱ्यावर सोडतो, हात जोडतो, मागे फिरतो. त्रिशरण कधी कधी चक्क पालीत म्हणतात, चाल मात्र वेगळी. छतावर स्तूप आहे, त्यातले बुद्धधातू १९३५ मध्ये सयामहून आले. १९४२ मध्ये सरकारने इथल्या जपान्यांना उचलून छावण्यांत डांबलं. युद्ध संपल्यावर परतून त्यांनी विहार पुन्हा चालू केला. हे ऐकून तुम्ही गप्प बसणार नाही, ठाऊक आहे.

ससाई भन्तेजींमुळे नागपूरकरांना जपानी भिक्खू काही नवे नाहीत. आठवतं, दीक्षाभूमीच्या गर्दीत मला खांद्यावर घ्यायचात, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवून? मी पेंगायचे आणि तुमचं "साधु साधु" थेट माझ्या पोटरीला ऐकू यायचं.

इगतपुरीला डोळे मिटून बसलात ना, इथे पेज स्ट्रीटच्या झेन सेंटरमध्ये भिंतीकडे तोंड करून, डोळे अर्धवट उघडे ठेवून बसतात. शुनर्‍यू सुझुकींनी १९६२ मध्ये सुरू केलेलं. खुर्चीवर बसलं तरी चालतं, तेव्हा मांडीचा हट्ट नको.

आई, चायनाटाउनात समुद्रदेवीचं तिन हाउ मंदिर आहे. २२ प्रतिज्ञावाले बाबा तिथे काही हात जोडायचे नाहीत, पण तुला छताला टांगलेले ते लाल-सोनेरी कंदील बघायला आवडले असते. मंदिर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि नुसते जिने, म्हणून तुला नेणार नाही. रागावू नकोस, गुडघ्यांचं ऑपरेशन तूच पुढे ढकललंस ना.

एप्रिलमध्ये या. ८ तारखेला जपानी पद्धतीची बुद्धजयंती, तेव्हा बाळ बुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. बाबा, तुम्ही तो फक्त मूर्तीवर ओतायचा, प्यायचा नाही. साखरेचा रिपोर्ट मला आधी पाठवा, काटछाट न करता. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. स्वेटर जाड आणा, इथे जुलैतही धुकं बोचतं. तिकीट मी काढते, दादाशी त्यावरून वाद घालू नका. आईने ते सगळं लोणचं आणायचं नाही, एकच बरणी.

तुमची,
छकुली