कोणती प्रत वाचताय, तेही कळवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचक सध्या काय वाचत आहेत ते कळवतात. सदर चांगले आहे. पण बहुतेक टिपणांत पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ‘खिळवून ठेवणारे’, ‘अंतर्मुख करणारे’ अशी दोन-चार विशेषणे एवढाच ऐवज असतो. विशेषणांबद्दल तक्रार नाही, ज्याची त्याची आवड. हातातली प्रत कोणती हे मात्र कुणीच लिहीत नाही, आणि मराठीत प्रत बदलली की पुष्कळदा पुस्तकच बदलते.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीला वेढा पडला तेव्हा गावातच होते. हकीकत लिहिली ती पंचवीसएक वर्षांनी. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली छापली आणि छापताना मजकुरावर चांगलाच हात फिरवला. भाषा घासूनपुसून घेतली, काही भाग गाळला. मूळ हस्तलिखितावरून केलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती निघाली थेट १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे आपण गोडसे म्हणून जे वाचत होतो त्यात भटजी किती आणि वैद्य किती, हे सामान्य वाचकाला कळायला मार्ग नव्हता. टिपणात ‘भटजींची भाषा किती ओघवती!’ असे लिहिले आणि हातात जुन्या वळणाची प्रत असली, तर ती शाबासकी वैद्यांच्या पदरात पडते. म्हणून आधी प्रस्तावना उघडावी. तिथे पोतदारांचे नाव किंवा मूळ हस्तलिखिताचा उल्लेख नसेल, तर भाषेविषयी विधान जपून करावे.

याच पुस्तकाबद्दल आणखी एक. आठवणीतून लिहिलेल्या मजकुरात तारखा आणि आकडे पहिल्यांदा निसटतात. दक्षिणा किती पडली, जेवायला काय मिळाले, वाटेत कुणी लुटले, हे माणूस सहसा विसरत नाही. प्रतिक्रिया लिहायची तर या दुसऱ्या प्रकारच्या तपशिलांवर लिहावी. इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारा ऐवज तिथेच आहे.

‘श्यामची आई’ची गोष्ट वेगळी आणि सोपी. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे कॉपीराइट राहतो, आणि ही साठ वर्षे निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे हक्क २०१०च्या अखेरीस संपला. तेव्हापासून हे पुस्तक कुणीही छापू शकतो. त्यात पूर्ण प्रतीही आल्या आणि पोरांसाठी छाटलेल्याही. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ हा शब्द असेलच याचा भरवसा नाही. तपासायला मिनिट लागते: या पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे; अनुक्रमणिका उघडा आणि रात्री मोजा. बेचाळीस भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर छाटकाम झाले आहे. बेचाळीस भरूनही आतून परिच्छेद गाळलेले असू शकतात, तेव्हा शंका आली तर ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीशी एखादी रात्र ताडून पाहावी. छाटलेली प्रत वाचून ‘कथन तुटक वाटले’ असे छापून आणणे हा गुरुजींवर अन्याय आहे.

जुन्या काव्यात तर एका टिंबाने अर्थ हलतो. पसायदानाची सुरुवात ‘आतां विश्वात्मकें देवें’ अशी आहे. ‘देवें’ म्हणजे देवाने. पुढच्या ‘तोषावें’चा कर्ता तो. इथले अनुस्वार तृतीया विभक्ती दाखवतात. कित्येक स्वस्त पुस्तिकांत, निमंत्रणपत्रिकांत आणि शाळेच्या फलकांवर ते उडालेले असतात. मग वाचणाऱ्याला ‘देवे’ ही हाक वाटते आणि पहिल्याच ओळीचे व्याकरण कोलमडते. हे उडतात कसे? १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि जुळारी-मुद्रितशोधकांचा हात त्याला बसला. पण केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, अशी तरतूद मराठी साहित्य महामंडळाच्या या नियमांतच आहे. ती विसरली जाते. तेव्हा जुन्या ग्रंथातला उतारा पाठवताना ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यानें’ जसे असेल तसेच उतरवावे आणि आपल्या संपादन विभागानेही ते ‘सुधारू’ नये, ही विनंती.

तुकारामांच्या गाथेतला अभंग कळवताना नुसता क्रमांक देऊन भागत नाही. सरकारी गाथेतला क्रमांक आणि वारकऱ्यांच्या हातातल्या जोगमहाराजांच्या गाथेतला क्रमांक जुळत नाही. पहिला चरण लिहावा आणि गाथा कोणती तेही. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचेही तेच, अध्याय सांगितला तरी एखाद्या-दोन क्रमांकांचा फरक पडतो.

ही माहिती सापडते कुठे, तर शीर्षकपानाच्या पाठीमागे. मलपृष्ठावरचा मजकूर जाहिरातीचा असतो, त्यावर विसंबू नये. (निम्मी टिपणे तिथूनच उतरलेली असतात, हे वाचताना कळते.) शीर्षकपानामागे प्रकाशक, पहिली आवृत्ती, सध्याची आवृत्ती आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो. आपले काही प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही ‘आवृत्ती’ म्हणतात. ‘सतरावी आवृत्ती’ म्हणजे सतरा वेळा मजकूर सुधारला असे नव्हे. ‘सुधारित’, ‘संपादित’, ‘संक्षिप्त’ हे शब्द शोधावेत. पुठ्ठा बांधणीचा आणि कागदी बांधणीचा आयएसबीएन वेगवेगळा असतो, म्हणून तो वेगळा दिसला की लगेच मजकूर वेगळा असे समजू नये. मोबाइलवर वाचत असाल तर पान क्रमांक देऊ नका, अक्षर मोठे केले की तो बदलतो. प्रकरण सांगा. ऐकायच्या पुस्तकाचेही (ऑडिओबुक) तसेच, आणि तिथे ते संक्षिप्त वाचन आहे का, हे मुद्दाम पाहावे.

पुस्तक अर्धेच झाले असेल तरी जरूर लिहावे, सदराचे नावच ‘सध्या’ने सुरू होते. फक्त कुठवर आलात ते सांगावे. पहिल्या शंभर पानांत कंटाळवाणी वाटणारी कादंबरी दोनशेव्या पानावर उघडते, असे होते; उलटही होते. वाचणाऱ्याला तुमचे मत कुठल्या मुक्कामावरचे आहे ते कळले की पुरे.

अनुवादकाचे नाव तर सर्रास गळते. बंगाली किंवा कन्नड कादंबरीच्या ‘सहज भाषे’ची तारीफ होते आणि ती मराठी ज्याने लिहिली त्याचा पत्ता नसतो.

आपण प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर बारीक टायपात एक ओळ छापावी: पुस्तक, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, कुठवर वाचले. वीस शब्दांत बसते. जागा हवी असेल तर ‘अंतर्मुख करणारे’ काढावे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, वाई