हलम्याची हाक आणि आपली इर्जिक

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात श्रमदानाच्या बातम्या सुरू होतात. त्या वाचताना मला मध्य प्रदेशातील झाबुआच्या भिल्ल समाजातील ‘हलमा’ ही प्रथा आठवते. एखाद्या कुटुंबाने आपल्या परीने सर्व प्रयत्न करूनही शेताचे वा घराचे काम आवाक्याबाहेर राहिले, तर ते हलम्याची हाक देते आणि गावकरी आपापली अवजारे घेऊन, मजुरीची अपेक्षा न ठेवता राबायला येतात. येथे कोणी दाता नसतो आणि हाक देण्यात कमीपणाही नसतो, कारण उद्या तीच वेळ दुसऱ्यावर येणार असते. झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर पाणी मुरावे म्हणून हजारो भिल्ल स्त्री-पुरुषांनी चर खोदले, तेही हलम्यानेच. या कामाला चालना देणाऱ्या महेश शर्मा यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. प्रथा मात्र भिल्लांची आणि फार जुनी आहे.

आपल्याकडे इर्जिक होती. माझ्या लहानपणी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, ज्याचा बैल दगावला असेल त्याच्या शेतात एकाच दिवशी दहा-पंधरा औते उभी राहत, भलरीच्या, म्हणजे शेतात राबताना म्हणायच्या गाण्याच्या, सुरात नांगरट उरके आणि घरधन्याने फक्त पोटभर जेवू घालायचे असे. दावणीचे बैल गेले, ट्रॅक्टर तासावर भाड्याने मिळू लागला आणि इर्जिक मोडली. (भूमिहीनाच्या पदरात मात्र इर्जिकीतून फारसे काही पडत नसे, हेही मान्य केले पाहिजे, हलम्यात घराचेही काम येते, हा मला मोठा फरक वाटतो.)

माझी सूचना एवढीच आहे की, श्रमदानाची जागा आणि तारीख वरून ठरवण्याऐवजी, ज्याची ताल (शेताचा मोठा बांध) फुटली आहे, विहीर खचली आहे किंवा ज्या एकट्या बाईच्या घराची भिंत पडली आहे, त्यांना ग्रामसभेत स्वतः हाक देऊ द्यावी. ट्रॅक्टरवाल्यांनी दोन-दोन तास द्यावेत, डिझेल गावाने वर्गणीतून भरावे, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने टिकाव घेऊन यावे. पहिली हाक येण्याची वाट मात्र पाहावी लागेल, कारण मागण्याची सवय आपली मोडली आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
मंगळवेढा, जि. सोलापूर