मावशी, तुम्ही आईच्या गोळ्या लिहून घेतल्यात

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे असं चारचौघांत आभार मानणं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहितेच.

माझ्या पाचारणाचं, म्हणजे देवानं मिशनच्या कामाला बोलावल्याचं, कळल्यावर लोक आधी हसलेच. मिशनरी म्हणजे एक तर उपदेशक, नाही तर डॉक्टर. हिशेब लिहिणारी बाई परदेशात जाऊन काय दिवे लावणार? मलाही तसंच वाटायचं. दूरदेशीच्या एका मिशन दवाखान्याला जमाखर्च सांभाळणारं माणूस हवंय, एवढंच प्रार्थनासभेत कानावर पडलं होतं आणि मग ते डोक्यातून जाईना. देवाची आज्ञा टाळून पळणारा बायबलातला योना निदान तार्शीशच्या जहाजात तरी बसला. मी ऑफिसात जास्तीचं काम मागून घेतलं.

पुढे मंडळीच्या पंचांच्या बैठका. पाचारण खरं की मनाचे खेळ, ते पडताळायचं म्हणून अर्ज नुसता पडून. एकानं तिथे पगार किती तेही विचारून घेतलं. आणि सगळ्यांचं पालुपद एकच, "आईचं काय?" मी एकुलती एक, तेव्हा प्रश्न रास्तच होता. पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. "प्रार्थना करतो हं," म्हणून उठले. करतही असतील.

विचारलंत तुम्हीही तेच. पण विचारून बसून राहिलात. मग चष्मा चढवून गोळ्यांचा डबा मागितलात. एकेक पट्टी उजेडात धरून नाव वाचलंत, डायरीत उतरवलंत. सकाळच्या गोळीपुढे छोटासा सूर्य काढलात, रात्रीच्या गोळीपुढे चंद्रकोर. साखरेची जेवणाआधी की नंतर, तेही दोनदा विचारलंत. आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणालात, "दर महिन्याला डॉक्टरकडे आपण दोघी जायचं." तोवर माझ्याशी धड न बोलणारी आई तुमच्यावरच उखडली, "मी काय आजारी आहे?" माझं जाणं त्या दुपारी ठरलं, मावशी. मंजुरीचं पत्र नंतर कधीतरी आलं.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालला निघाला, हे आपण शाळेतल्या मुलांनाही सांगतो. चपला शिवणारा माणूस, पुढे १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरणसुद्धा छापलं. पण मी खाणीत उतरतो, दोर तुम्ही धरा, अशी ज्यांच्याशी बोली झाली, त्यांतला अँड्र्यू फुलर किती जणांना आठवतो? तो मागे इंग्लंडात केटरिंगला राहिला आणि १८१५ मध्ये मरेपर्यंत मिशनसाठी वणवण करून पैसे गोळा करत राहिला. त्याहून कमी सांगितली जाते ती कॅरीची बायको डोरोथी. तिला यायचंच नव्हतं. बहीण बरोबर येत असेल तर येते, या अटीवर ती जहाजात चढली. पुढच्याच वर्षी तिचा लहानगा पीटर गेला आणि तिचं मन कायमचं ढासळलं. पाचारण एकाला होतं, किंमत घरातले सगळे मोजतात, हे उपदेशात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला ते न सांगता कळलं होतं.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३. अंत्युखियाच्या मंडळीनं उपास केला, प्रार्थना केली, बर्णबा आणि शौलावर हात ठेवले आणि त्यांना रवाना केलं. आमच्याकडेही हात ठेवण्याचा विधी झाला, फोटोही निघाले. हात ठेवणं सोपं असतं हो. ते हात नंतर कुठे असतात, ते महत्त्वाचं. भली माणसं भाषण करत नाहीत, डबा उघडून बघतात.

इथे मी पावत्या लावते, औषधांची बिलं तपासते. भाषा अजून अडखळत येते. आईचा फोन आला की निम्मा वेळ तुमच्याच तक्रारी: चाल फार भराभर चालता, डॉक्टरपुढे तिला बोलूच देत नाही. ऐकायला फार बरं वाटतं.

हे पत्र पंचांच्या बैठकीत वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही. पगाराचं विचारणाऱ्यांना पुढच्या बाकावर बसवा.

तुमची,
हिशेबवाली