विजेटवर नागपूरऐवजी मुंबईचा चंद्रोदय: तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय: ॲपमध्ये निवडलेलं शहर होम स्क्रीनवरच्या विजेटपर्यंत पोहोचत नसल्याबाबत

महोदय,

आपल्या पंचांग ॲपची मी तीन वर्षांपासून वर्गणीदार आहे. आईच्या आयफोनवर ते मीच टाकून दिलं. तिचं वय ७१. ॲप उघडून आत शोधत बसणं तिला जमत नाही, म्हणून दोन महिन्यांपूर्वी ॲपमध्ये शहर नागपूर केलं, अक्षर मोठं केलं आणि होम स्क्रीनवर आपलं विजेट, म्हणजे ॲप न उघडता माहिती दाखवणारा छोटा चौकोन, ठेवलं. फोन हातात घेतला की तिथी, सूर्योदय आणि चंद्रोदय समोर दिसावा, एवढ्याचसाठी.

गेल्या संकष्टीला विजेटवर चंद्रोदय ९ वाजून ६ मिनिटांचा होता. आधीच्या संकष्टीला आकाश मोकळं होतं, गच्चीवरून चंद्र दिसला आणि वेळ पाहायची गरजच पडली नाही. या वेळी मात्र आभाळ गच्च भरलेलं होतं, त्यामुळे आईने फोनवरच्या वेळेवर भरवसा ठेवला. तिला मधुमेह आहे. डॉक्टरांना विचारून ती वर्षभरात फक्त संकष्ट्या करते, आणि त्यांची अट अशी की चंद्रोदय झाला की लगेच जेवायचं. नऊला पाच कमी असताना मी कामावरून घरी आले, तर देवघरासमोर नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं, शेजारी गोळ्यांची पट्टी, आणि आई भिंतीला टेकून बसलेली. कपाळावर घाम, हात थरथरत होते. "अजून दहा मिनिटं आहेत गं," म्हणाली. मी आधी साखरपाणी दिलं, मग तिचा फोन घेऊन ॲप उघडलं. आत नागपूर होतं आणि चंद्रोदय ८ वाजून ४१ मिनिटांचा. नैवेद्य केव्हाच दाखवायला हवा होता.

हा फरक कुठून आला हे उघड आहे. मुंबई सुमारे ७३ अंश रेखांशावर आहे, नागपूर ७९ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सहा अंशांची चोवीस मिनिटं होतात. विजेट मुंबईची वेळ दाखवत होतं, पण त्यावर 'मुंबई' हा शब्द कुठेच नव्हता. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. शहर कळलं नाही तर विजेटने 'शहर निवडा' म्हणावं, किंवा कोरं राहावं. आपल्याकडून मुंबई धरून, नाव न लिहिता वेळ छापणं म्हणजे लोकांची फसगत करणं. सूर्योदयाला जी तिथी ती दिवसाची तिथी, या हिशोबाने एखाद्या दिवशी तिथीसुद्धा चुकू शकेल.

मी स्वतः मोबाइल ॲप बनवण्याचं काम करते, म्हणून नुसतं 'चालत नाही' म्हणून थांबत नाही. आयफोनवर विजेट ॲपच्या पोटात चालत नाही. ते वेगळं एक्स्टेन्शन, म्हणजे ॲपला जोडलेला स्वतंत्र भाग असतं, त्याची साठवणही वेगळी. ॲपने शहर नेहमीच्या यूझर डीफॉल्ट्समध्ये, म्हणजे स्वतःच्या सेटिंग साठवायच्या जागेत, लिहिलं तर विजेटला ते दिसतच नाही. त्यासाठी ॲप ग्रुप, म्हणजे दोन्हींना वाचता येईल अशी सामाईक साठवण लागते, दोन्हींकडे तोच ग्रुप जोडलेला असावा लागतो आणि त्याच ग्रुपच्या नावाने लिहावं-वाचावं लागतं. आईच्या फोनवर शहर चार वेळा बदललं, फोन बंद करून चालू केला, विजेट काढून परत ठेवलं, तरी मुंबईच. मोठ्या अक्षराची सेटिंगही पोहोचली नाही. माझी जवळजवळ खात्री आहे की आपलं ॲप एका कप्प्यात लिहितं आणि विजेट दुसऱ्यात शोधतं. माझ्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर त्रास वेगळा आहे. तिथे शहर बदलल्यावर विजेट जुनंच राहतं आणि फोन रीस्टार्ट केल्यावर मात्र नागपूर येतं. म्हणजे सेटिंग वाचता येते, पण ती बदलल्यावर 'नव्याने दाखव' असं विजेटला कुणी सांगत नाही.

त्याच रात्री मी आपल्याकडे तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. टाकलं. विजेट तसंच राहिलं, आणि आईने ॲपमध्ये नोंदवलेल्या घरच्या तिथी मात्र गेल्या, बाबांच्या श्राद्धाची तिथीसुद्धा. ॲप काढल्याने नोंदी पुसल्या जातील हे आपल्या माणसाने आधी सांगायला नको होतं का? दुसरं उत्तर आलं की आयफोन विजेटला वारंवार ताजं होऊ देत नाही. हे इथे लागूच होत नाही. रोज पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं होता येतं असं ॲपलच स्वतःच्या माहितीत सांगतं, आणि ॲप समोर उघडं असताना केलेली विनंती त्या मर्यादेत धरली जात नाही. शहर बदलताना ॲप उघडंच असतं. पंचांगाला तर दिवसाला दोन-चार वेळा पुरे.

वर्गणी परत मिळावी म्हणून हे पत्र नाही. ॲप मला हवं आहे, आईलाही हवं आहे. विजेट दोन्ही प्रकारच्या फोनवर दुरुस्त करा आणि चंद्रोदयाच्या शेजारी शहराचं नाव ठळक छापा. दुरुस्ती होईपर्यंत मुंबईबाहेरच्या सगळ्या वर्गणीदारांना ॲपमधूनच सूचना द्या, कारण नागपूरसारखीच चंद्रपूरला, गोंदियाला, नांदेडलाही माणसं त्या वेळेकडे बघून उपास सोडत असतील. पुसलेल्या तिथी आपल्याकडे कुठे राहिल्या असतील तर त्या परत मिळवून द्या.

आईच्या फोनवरचे फोटो सोबत जोडले आहेत. एकाच मिनिटाला घेतलेले आहेत, एकात विजेट, दुसऱ्यात ॲप. पुढच्या संकष्टीच्या आत लेखी उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, मी हीच तक्रार नोंदवेन. तोवर विजेट काढून टाकलं आहे आणि चंद्रोदयाची वेळ फ्रिजवर कागदावर लिहून ठेवली आहे.

आपली,
एक वर्गणीदार, नागपूर